फुलचूरच्या दोन किलोमीटर वरून

प्रस्तावना

कार्तिकातली गोष्ट आहे. धान कापून झाले होते, कडपा बांधीत पसरल्या होत्या आणि अजून दोन दिवस ऊन मिळाले की पुंजणे घालायचे होते. घरातल्या धाकट्याने मोबाईलवर नागपूरच्या रडारचे चित्र उघडून दाखवले. गोंदियाच्या आसपास एकही रंगीत ठिपका नव्हता. त्या भरवशावर आम्ही निजलो. पहाटे रिमझिम सुरू झाली ती उजाडेपर्यंत थांबली नाही, आणि खालच्या बांधीतल्या सगळ्या कडपा भिजल्या. मी अंगणात उभा राहून पुन्हा चित्र पाहिले. पाऊस माझ्या चष्म्यावर पडत होता आणि चित्र तसेच कोरे होते.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. रडार खोटे बोलत नाही आणि ते बिघडलेलेही नाही, हे मला त्या पहाटे ठाऊक होते. घरच्यांना ते समजावून सांगायला मात्र माझ्यापाशी मराठीत चार धड वाक्ये नव्हती. हे पुस्तक त्या चार वाक्यांच्या शोधातून वाढले आहे.

आधी त्या पहाटेचा हिशेब देतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणांचे बीज त्यात आहे. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे डॉप्लर रडार गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरपासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. त्याचा किरण जमिनीला समांतर सोडता येत नाही, कारण इमारती आणि टेकड्या आड येतात. म्हणून तो थोडा वर उचललेला असतो. अर्धा अंश धरू. सव्वाशे किलोमीटर जाताना अर्ध्या अंशाने किरण १.१ किलोमीटर वर चढतो. त्यात पृथ्वी गोल आहे, म्हणजे किरण पुढे जातो तशी जमीन त्याच्याखालून वाकत जाते. हवेमुळे किरणही थोडा खाली वाकतो, पण जमिनीइतका नाही. या वाकण्याचे आणखी ०.९ किलोमीटर. बेरीज दोन किलोमीटर. फुलचूरच्या डोक्यावरून जाताना नागपूरच्या सर्वांत खालच्या किरणाचा मध्य दोन किलोमीटर उंचीवर असतो. शिवाय एक अंश रुंदीचा किरण इथे पोहोचेपर्यंत दोन किलोमीटरहून जास्त पसरलेला असतो. आमच्या कडपा भिजवणारे ढग बुटके होते. त्यांचा बराचसा पाऊस किरणाच्या खालच्या काठाला किंवा त्याच्याही खाली जन्मला आणि खालीच पडला. किरणाच्या हाती जे थोडे लागले, त्याचा प्रतिध्वनी इतका क्षीण होता की गणिताने तो खरखरीत जमा करून टाकून दिला.

या शेवटच्या वाक्यासाठीच मी हा विषय निवडला. रडारची गोष्ट सहसा सामर्थ्याची म्हणून सांगितली जाते: मोठे अँटेना, लांबचा पल्ला, शत्रूची विमाने. मला ती टाकून दिलेल्या प्रतिध्वनींची गोष्ट वाटते. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत रडारच्या सिग्नलांवरची प्रक्रिया पुढे गेली ती मुख्यतः एका प्रश्नाचा पाठलाग करत: परत आलेल्या लाटेतले काय ठेवायचे आणि काय फेकायचे? आणि दर पिढीला असे आढळले की आधीच्या पिढीने फेकलेल्यात काहीतरी मोलाचे होते. गोंदियाच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपल्या राईस मिलमध्ये धान शिरते तेव्हा हवा असतो तांदूळ. पण तूस बॉयलरला जाते, कनकी वेगळी विकली जाते, आणि कोंड्यातून तेल निघते. एके काळी कोंडा म्हणजे फक्त गुरांचा चारा होता. त्यातले तेल तेव्हाही होतेच. ते काढण्याची रीत हाती नव्हती.

रडारचा पहिला कोंडा म्हणजे पाऊस. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्याने बीबीसीच्या प्रसारण केंद्राच्या लाटा विमानावरून परत येतात हे दाखवले. (लाटा सोडणारे यंत्र दुसऱ्याचेच होते, यांनी फक्त ऐकले. आज ज्याला निष्क्रिय रडार म्हणतात आणि नवे तंत्र समजतात, त्याची तऱ्हा नेमकी हीच आहे.) पुढे महायुद्धात लाटा आखूड झाल्या, सेंटिमीटरांत मोजण्याजोग्या झाल्या, आणि पडद्यावर विमानांच्या ठिपक्यांमध्ये पांढरे ढगळ डाग दिसू लागले. विमान शोधणाऱ्याला ती अडगळ होती. पण तो पाऊस होता. युद्ध संपल्यावर त्याच अडगळीतून हवामानाचे रडार उभे राहिले. १९४८ मध्ये कॅनडात मार्शल आणि पामर यांनी पावसाच्या थेंबांचे आकार किती प्रमाणात आढळतात याचे सूत्र मांडले आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून पावसाचे मान काढण्याची वाट खुली झाली. त्यानंतर हवामानाच्या रडारला पक्षी आणि किड्यांचे थवे अडगळ वाटू लागले. आता त्या अडगळीवरून पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास होतो.

प्रतिध्वनी क्षीण असेल तर मुळात लाटच जास्त शक्तीने सोडून, म्हणजे जोरात हाक मारून, भागत नाही का? विमानासारख्या लहान लक्ष्याच्या बाबतीत पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते, कारण लाट जाताना पसरते आणि येतानाही पसरते. सोळापट शक्तीचे यंत्र म्हणजे सोळापट वीज, उष्णता आणि पैसा. पावसासाठी हा व्यवहार थोडा सौम्य आहे, कारण दूर गेलेला किरण रुंदावतो तसे अधिक थेंब त्याच्या कवेत येतात. तरी परत येणारी लाट किती दुबळी असते पाहा. हवामानाचे मोठे रडार शेकडो किलोवॉटचा स्पंद सोडते. तो एका सेकंदाचा दहालाखावा भाग टिकतो. परत येणारा क्षीणातला क्षीण प्रतिध्वनी एका वॉटच्या शंभर लाख कोटीव्या हिश्श्याइतका असू शकतो. इतका हलका आवाज यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेने होणाऱ्या खरखरीत बुडलेला असतो. त्याला वर काढणे हे रडारच्या कानाचे काम, आणि तो कान गणिताचा आहे.

सुपात धान पाखडणारी बाई हे काम हाताने करते. फार हळू पाखडले तर भुसा राहतो, फार जोराने पाखडले तर हलका दाणा उडून जातो. रडारमध्ये या जोराला उंबरठा म्हणतात: एवढ्याहून मोठा प्रतिध्वनी खरा, त्याहून लहान ती खरखर. उंबरठा खाली आणला तर खोट्या इशाऱ्यांचा पूर येतो, वर नेला तर खरे निसटते. शहाणी बाई वारा पाहून पाखडते. आधुनिक रडारही तसेच करते. प्रत्येक जागेसाठी उंबरठा एकच न ठेवता आजूबाजूच्या जागांतली खरखर मोजून त्या-त्या ठिकाणचा उंबरठा ठरवते. तिसऱ्या प्रकरणात हे गणित आहे, आणि ज्याला सरासरी व वर्गमूळ येते त्याला ते कळेल. पण गणिताहून महत्त्वाची एक गोष्ट इथेच सांगतो. उंबरठा कुठे ठेवायचा हे निसर्ग सांगत नाही, माणूस ठरवतो. विमानतळाला लागणारा उंबरठा आणि कडपा सुकवणाऱ्याला लागणारा उंबरठा एक नसतो.

यापुढची मोठी झेप तानेची. स्पंद आखूड ठेवला तर जवळजवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात, पण त्यात ऊर्जा थोडी मावते. स्पंद लांबवला तर ऊर्जा भरपूर, पण सगळे एकमेकांत मिसळते. पन्नास मायक्रोसेकंदांचा स्पंद साडेसात किलोमीटरचे अंतर एकच करून टाकतो. गोंदिया स्टेशन आणि फुलचूर त्यात विरघळून जातील. ही अडचण एका सुरेख युक्तीने सुटली. लांब स्पंद एकाच सुरात न सोडता मींडेसारखा खालच्या सुरातून वरच्या सुरात सरकत सोडायचा. परत आल्यावर त्याची मूळ प्रत त्याच्यावरून सरकवत न्यायची. प्रत आणि प्रतिध्वनी नेमके जुळतात त्या एका क्षणी सगळे सूर एकत्र येऊन टोक उभे राहते. जरा इकडेतिकडे झाले की सूर एकमेकांना मारतात. लांब तानेची ऊर्जा आणि आखूड स्पंदाची धार दोन्ही हाती येतात. संध्याकाळी तलावाच्या काठाने उडणारी, किडे खाणारी वटवाघळे हेच करतात, बहुधा वरून खाली उतरणाऱ्या तानेने. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी दर वर्षी नव्याने आनंदलो आहे.

डॉप्लरवर पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग खर्च झाला आहे. गोंदियाच्या फाटकापाशी उभे असताना भोंगा वाजवत मालगाडी जवळ येते तेव्हा सूर चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेली ही कल्पना १८४५ मध्ये हॉलंडमध्ये आगगाडीवर वादक बसवून तपासली गेली. तो प्रयोग करणारे बाइस बॅलट पुढे हवामानशास्त्रज्ञ म्हणूनच नावाजले, हा योगायोग मला आवडतो. रडारच्या बाबतीत मात्र हा बदल कानाने ओळखण्याजोगा नसतो. दहा सेंटिमीटरची लाट आणि सेकंदाला पंधरा मीटर वेगाने रडारकडे येणारा वारा धरा. लाटेची वारंवारता सेकंदाला तीनशे कोटी आवर्तने आणि बदल फक्त तीनशे आवर्तनांचा. एक कोटीत एक. दहालाखाव्या सेकंदाच्या एका स्पंदात हा बदल मोजणे अशक्य आहे.

मग तो कसा मोजतात? एका स्पंदात न मोजता स्पंदामागून स्पंद पाहून. चंद्राची कला रोज थोडी बदलते तशी परत आलेल्या लाटेची कला, म्हणजे तिच्या चढ-उताराची नेमकी अवस्था, प्रत्येक स्पंदागणिक थोडी सरकते. सेकंदाला हजार स्पंद सोडले तर वरच्या उदाहरणात ती दर वेळी १०८ अंशांनी सरकेल. हे सरकणे मोजले की वाऱ्याचा वेग मिळाला. जुन्या रडारांनी प्रतिध्वनीचा फक्त जोर पाहिला आणि कला फेकून दिली. पावसाच्या पोटातला वारा, वादळाचा पीळ, ढगाखाली कोसळणारी थंड हवा हे सारे त्या फेकलेल्या कलेत होते.

पण निसर्ग इथे एक सौदा करायला लावतो. स्पंद भराभर सोडले तर मोठा वेगही नीट मोजता येतो, पण दूरचा प्रतिध्वनी परत येण्याआधीच पुढचा स्पंद निघून जातो आणि कोणाचे उत्तर कोणाला, हे कळेनासे होते. सेकंदाला हजार स्पंदांनी पल्ला दीडशे किलोमीटर आणि वेगाची मर्यादा सेकंदाला पंचवीस मीटर. सहाशे स्पंदांनी पल्ला अडीचशे, पण वेगाची मर्यादा पंधरा. मर्यादेबाहेरचा वारा उलट्या दिशेचा भासतो, सिनेमात पुढे धावणाऱ्या गाडीची चाके मागे फिरताना दिसतात तसा. फुलचूर सव्वाशे किलोमीटरवर, म्हणजे दीडशेच्या आत आहे, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचे तसे नाही. दोन वेगवेगळ्या गतींनी स्पंद सोडून हा गुंता सोडवण्याच्या रीती आहेत आणि त्या पाचव्या प्रकरणात सावकाश दिल्या आहेत. हे सारे प्रत्यक्षात, ताबडतोब करता येऊ लागले ते संगणकामुळे आणि १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी मांडलेल्या जलद गणनरीतीमुळे. १०२४ नमुन्यांचे जे काम साध्या रीतीने दहा लाखांहून अधिक गुणाकार मागते, ते या रीतीने दहा हजारांच्या आसपास उरकते. शंभर दिवसांची रोवणी एका दिवसात झाली असे समजा.

डॉप्लरने अडगळ काढायचीही सोय झाली. टेकडी हलत नाही, तिचा वेग शून्य. शून्य वेगाचे सगळे काढून टाका, पाऊस उरेल. पण रडारभोवती गोल फिरणारा, म्हणजे रडारकडे येतही नाही आणि दूर जातही नाही असा वारा त्या पावसाला शून्य वेगाचा ठरवतो, आणि टेकडीबरोबर पाऊसही पुसला जातो. चांगल्या गाळण्या नंतर ही जागा आजूबाजूच्या वेगांवरून अंदाजाने भरून काढतात. चित्रातला कोरा भाग म्हणजे कोरडा भाग असे समजू नका, हे मला वाचकाला पुन्हा पुन्हा सांगायचे आहे.

थेंबांचाही एक धडा आहे. प्रतिध्वनीचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतो. चार मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या ४०९६ थेंबांइतका ओरडतो. पाणी मात्र त्यात फक्त चौसष्ट थेंबांचे असते. मोठ्या थेंबांची थोडी सर आणि बारीक थेंबांची दाट झड रडारला सारखी वाटू शकते, आणि बांधीत पडणारे पाणी कितीतरी वेगळे असते. गारेचा एक खडा तर सगळा हिशेबच उधळतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट ज्यांनी सोसली त्यांना गार आणि सर यांतला फरक कोणी सांगायला नको, पण एकच लाट सोडणाऱ्या रडारला तो ओळखणे अवघड जाते. यावर १९७६ मध्ये सेलिगा आणि ब्रिंगी यांनी सुचवलेला उपाय आज जगभर वापरात आहे. यातले ब्रिंगी मूळचे भारतीय. मोठा थेंब पडताना हवेच्या दाबाने चपटा होतो, पुरणाचा उंडा तळहातावर दाबावा तसा. म्हणून आडव्या कंपनाची आणि उभ्या कंपनाची अशा दोन लाटा सोडायच्या आणि त्यांच्या उत्तरांतला फरक पाहायचा. चपटे थेंब आडव्या लाटेला मोठे उत्तर देतात. गडगडत पडणारी गार दोघींना जवळजवळ सारखेच देते. शिवाय थेंबांतून जाताना आडवी लाट उभीपेक्षा किंचित मागे पडते. या मागे पडण्यावरून निघालेला पाऊस वाटेत लाट कितीही क्षीण झाली तरी फारसा चुकत नाही.

हे केवळ विद्वानांचे खेळ नाहीत, हे २६ जुलै २००५ ला मुंबईने दाखवून दिले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला शंभरही नाही. मुंबईत त्या दिवशी डॉप्लर रडार नव्हते. कुलाब्याचे २०१० मध्ये आले, वेरावलीचे दुसरे जानेवारी २०२२ मध्ये. पर्जन्यमापकाला फक्त आपल्या नळीत पडलेला थेंब ठाऊक असतो. दोन मापकांच्या मधल्या शहरात काय चालले आहे ते पाहायला रडार लागते. ज्या दिवशी ते सर्वांत जास्त हवे होते त्या दिवशी नव्हते, याची चुटपुट या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आता वर जाऊ. अंतराळातले रडार ही आमच्या धानपट्ट्यासाठी मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. रोवणी आषाढ-श्रावणात. नेमके तेव्हा आभाळ भरलेले असते आणि प्रकाशाने पाहणारा उपग्रह आंधळा असतो. रडारची लाट ढगातून सहज खाली येते. चिखलणी करून पाणी भरलेली बांधी आरशासारखी सपाट असते. तिरकी आलेली लाट ती पुढे भिरकावून देते, उपग्रहाकडे काही परत येत नाही, चित्रात बांधी काळी दिसते. पऱ्हे रोवले, फुटवे आले की लाट पाण्यावर आदळून देठावर आणि देठावरून पाण्यावर अशी उड्या घेत परत येते आणि काळी बांधी उजळत जाते. हे काळ्याचे उजळ होणे कोणत्या तारखांना झाले यावरून रोवणी केव्हा झाली हे कळते, आणि आवत्या, म्हणजे न रोवता थेट पेरलेले, धान रोवलेल्या धानापासून वेगळे काढण्याची आशा धरता येते. खरिपाच्या धानाचे क्षेत्र ठरवण्यासाठी देशात रडार उपग्रहांची चित्रे वापरली जातात. २६ एप्रिल २०१२ ला सोडलेला, आता बंद झालेला रिसॅट-१ आणि १४ फेब्रुवारी २०२२ चा ईओएस-०४ हे इस्रोचे त्यासाठीचे महत्त्वाचे डोळे.

एवढ्या उंचीवरून बांधी दिसते कशी, हे मात्र नवल आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्याची जाळीची तबकडी बारा मीटर व्यासाची. चोवीस सेंटिमीटरची लाट तिच्यातून सोडली तर जमिनीवर पडणारा डाग सुमारे पंधरा किलोमीटर लांब असतो. फुलचूर, गोंदिया शहर आणि पलीकडची गावे एकाच डागात. तरी चित्रात काही मीटरांच्या गोष्टी वेगळ्या दिसतात. १९५१ मध्ये अमेरिकेत कार्ल वायली यांना सुचलेली युक्ती ती हीच: एक बांधी त्या डागात असेपर्यंतच्या दोनएक सेकंदांत उपग्रह पंधरा किलोमीटर पुढे जातो आणि काही हजार स्पंद सोडतो. प्रत्येकाचे उत्तर कलेसकट जपून ठेवले आणि नंतर गणिताने एकत्र जुळवले, तर जणू पंधरा किलोमीटर लांबीचा एकच अँटेना आकाशात उभा होता असे चित्र मिळते. तो अँटेना कोणी बांधलेला नसतो. तो स्मरणातून उभा राहतो. सुरुवातीच्या काळात संगणक एवढे काम करू शकत नसत, म्हणून ही जुळवणी फिल्म आणि भिंगांनी होई. १९७८ च्या सीसॅट उपग्रहाची बहुतेक चित्रेही तशीच झाली.

इथेही फेकण्याचा प्रश्न सुटत नाही. रडारच्या चित्रात साखर सांडल्यासारखे दाणे दिसतात. ते घालवायचे तर शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घ्यावी लागते. पंजाबातल्या एकरांच्या सलग शेतात सरासरीने काही बिघडत नाही. आमच्या बांध्या लहान, धुऱ्याने तोडलेल्या, एकीत हलके धान आणि शेजारी जड. सरासरी घेताच धुरा पुसतो आणि शेजाऱ्याचे धान माझ्या खात्यात जाते. पीक विम्याच्या कामात अशी चित्रे वाढत जाणार असतील, तर चित्राचा एक ठिपका किती मोठा आहे आणि त्यात किती शेजारी बसले आहेत हे विचारण्याइतकी जाण गावात असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. तलावांच्या बाबतीत हेच तंत्र आमच्यावर अधिक दयाळू आहे. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचे पाणी काळे आणि काठ उजळ दिसतात, त्यामुळे भर पावसाळ्यात ढगांखालून पाण्याचा पसारा मोजता येतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने चार जिल्ह्यांत घातलेला धुमाकूळ आठवा. अशा पुरात बुडालेला भाग ढगांच्या आडून दाखवू शकणारा डोळा हाच.

बाकीचे उपयोग मी पुस्तकात थोडक्यात उरकले आहेत: मोटारीच्या पुढच्या पट्टीतले ७७ गिगाहर्ट्झचे चिमुकले रडार, पुलाला टांगून नदीची पातळी मोजणारे रडार, जमिनीखालची नळी शोधणारे. एकाजवळ मात्र थांबलो आहे. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर चौतारा येथे ढिगाऱ्याखालची चार माणसे जिवंत सापडली ती हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने छातीची होणारी किंचित हालचाल टिपणाऱ्या रडारमुळे. विटा, लोखंड, चिखल यांच्या प्रचंड अडगळीतून तेवढी हालचाल वेगळी काढणे हे पाखडण्याचे परमोच्च टोक आहे.

परिभाषेविषयी थोडे. सिग्नल आणि रडार हे शब्द मी तसेच ठेवले, ते आता आपलेच आहेत. नॉइजला खरखर म्हटले, कारण रेडिओ ऐकलेल्या पिढीला ती कानात आहे. क्लटरला अडगळ, कारण अडगळ दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाची असू शकते. फेजला कला हा शाळेच्या पुस्तकातला शब्द सुंदर आहे आणि तो सोडून देण्याचे कारण मला दिसले नाही. यंत्राला शिकवून पुढच्या दोन तासांचा पाऊस सांगणाऱ्या नव्या रीतींवर शेवटचे प्रकरण आहे. त्यांच्याविषयी मला उत्साह आहे आणि एक काळजीही: यंत्र जे पाहिले त्यावरून शिकते, आणि किरणाच्या खालून निसटलेला बुटका पाऊस त्याने कधी पाहिलेलाच नसतो. त्याला तो दाखवायचा तर जमिनीवर मोजलेला पाऊस जोडीला द्यावा लागेल.

म्हणून पहिले प्रकरण वाचण्याआधी एक काम करा. सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा अंगणात, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर ठेवा. पाऊस लागला की दर पंधरा मिनिटांनी पट्टीने मिलिमीटर मोजा, वेळ लिहा, आणि त्याच वेळचे रडारचे चित्र जपून ठेवा. जुळवताना एवढे ध्यानात असू द्या: दोन किलोमीटर वरून निघालेल्या मध्यम थेंबाला खाली यायला पाच मिनिटे लागतात. सेकंदाला दहा मीटरचा वारा असेल तर तेवढ्यात तो तीन किलोमीटर सरकतो. चित्रात फुलचूरवर दिसलेला थेंब पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेच्या कोणाच्या तरी बांधीत पडलेला असेल, आणि आपल्या डब्यात पडलेला पश्चिमेच्या कोणाच्या तरी डोक्यावर दिसला असेल.